वाहते दान

‘हुकूम जारी झाला’ असे मराठीत सर्रास म्हटले जाते. त्यातला ‘जारी’ हा शब्द मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ ‘वाहता’. ‘सदका-ए-जारिया’ म्हणजे वाहते दान. देणारा गेल्यावरही त्याचे पुण्य, म्हणजे सवाब, त्याच्या खात्यावर जमा होत राहते, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे. माणूस मेला की त्याची कर्मे थांबतात. चालू राहतात फक्त तीन गोष्टी: असे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुवा मागणारे सदाचारी अपत्य, अशी हदीस, म्हणजे प्रेषित मुहंमद यांचे वचन, ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहात आहे. तिच्यात विहिरीचा उल्लेख नाही. पण अरबस्तानात एकही बारमाही नदी नाही. तिथे वाहत्या दानाचे पहिले उदाहरण विहीरच ठरावी, यात नवल नाही.

प्रेषित मुहंमद यांचे मदिनेतील सहकारी साद बिन उबादा यांची आई वारली, तेव्हा ते गावात नव्हते. आईच्या नावे सर्वांत चांगले दान कोणते, असे त्यांनी प्रेषितांना विचारले. उत्तर एका शब्दाचे होते: पाणी. सादनी विहीर खणली आणि ती ‘सादच्या आईची’ म्हणून जाहीर केली. आज हातपंपाशेजारी दिवंगत आईवडिलांच्या नावाची पाटी दिसते, त्या रिवाजाचे मूळ इथे सापडते.

सर्वांत प्रसिद्ध विहीर मात्र मदिनेजवळची रूमा. मक्केहून आलेल्या निर्वासितांना गोडे पाणी हवे होते आणि रूमाचा मालक ते विकत असे. एका परंपरेनुसार उस्मान बिन अफ्फान यांनी 12,000 दिरहमना निम्मीच विहीर घेतली: एक दिवस त्यांचा, एक मालकाचा. उस्मान यांच्या दिवशी पाणी फुकट. लोक त्याच दिवशी दोन दिवसांचे भरून नेऊ लागले आणि मालकाच्या दिवशी गिऱ्हाईकच उरले नाही. उरलेला हिस्सा त्याने 8,000 दिरहमना विकून टाकला. व्यापाऱ्याने केलेले दान ते असे! पुढे खलिफा झालेल्या उस्मान यांच्या घराला 656 मध्ये बंडखोरांनी वेढा घातला, तेव्हा याच विहिरीचे पाणी त्यांना नाकारण्यात आले. ती आपणच दान दिली होती, याची आठवण त्यांनी वेढा घालणाऱ्यांना करून दिली, असे हदीस-संग्रहांत नोंदले आहे.

अशा दानाला कायद्याची चौकट मिळाली ती वक्फमुळे. ‘वक्फ’ म्हणजे थांबवणे. मालमत्तेची खरेदी-विक्री आणि वारसाहक्क थांबतो, तिचा लाभ वाहता राहतो. विहिरीभोवतीचा ‘हरीम’ही शास्त्रकारांनी ठरवला: हनफी मतानुसार गुरांना पाणी पाजण्याच्या विहिरीभोवती 40 हातांच्या आत दुसऱ्याने खणायचे नाही, म्हणजे पहिलीचे झरे आटत नाहीत. जकातीच्या, म्हणजे मुस्लिमांवर बंधनकारक असलेल्या धर्मदानाच्या, पैशातून मात्र विहीर खणता येत नाही, असे बहुसंख्य शास्त्रकार मानतात. जकात गरजू माणसाच्या हाती पडावी लागते. विहीर ही ऐच्छिक दानाची, सदक्याची बाब.

आता हे दान सातासमुद्रापलीकडून होते. पैसे भरणारा शहरात, हातपंप सिंधमधल्या थरपारकरला किंवा सोमालियात. पंप बसला की फोटो येतो आणि दात्याच्या लेखी काम संपते. खरी मेख इथेच आहे. पंपाचा वॉशर झिजतो, दांडा तुटतो, पाण्याची पातळी खाली जाते. दुरुस्तीला गावात ना माणूस असतो, ना सुटा भाग. पाटी शाबूत, पंप कोरडा. बांगलादेशात तर कूपनलिका उत्तम चालू होत्या, पण 1990च्या दशकात त्यांतल्या कित्येकींच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. मग तपासणी करून विषारी पंपांना लाल, सुरक्षित पंपांना हिरवा रंग द्यावा लागला. पाण्याची तपासणी आणि देखभालीची तजवीज नसेल, तर दान ‘जारी’ राहत नाही.

जुन्या वक्फांत ही तजवीज असे: विहिरीला जोडून एखादी बाग किंवा दुकाने दिली जात आणि त्यांच्या उत्पन्नातून डागडुजी होई. महाराष्ट्रात पाण्याशी जोडलेले असे ठिकाण पाहायचे तर छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतच्या या चक्कीत डोंगराकडून नळांवाटे आणलेल्या पाण्याच्या जोरावर यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. राज्याच्या वक्फ मंडळाचे कार्यालयही याच आवारात आहे.