पेटीमास्तर मोबाईलात शिरला, आता गावच्या पेटीमास्तराचं काय?

गारगोटी : जत्रा, म्हाई, गणपती, लग्नाची हळद. आपल्या भुदरगड तालुक्यात गाण्याला फारसं निमित्त लागत नाही. पूर्वी कार्यक्रम ठरला की आधी पेटीवाला आणि ढोलकीवाला गाठावा लागे. सुपारी ठरवावी लागे. बेंजो पार्टी किंवा ऑर्केस्ट्रा आणायचा म्हटलं की वर्गणीचा आकडा फुगे. आता एक मोबाईल, एक स्पीकर आणि एक माईक एवढ्यावर भागतं. गाण्यातल्या गायकाचा आवाज बारीक करायचा, पडद्यावर सरकणारे शब्द वाचायचे आणि आपण गायचं. साथीला अख्खा वाद्यवृंद हजर, तोही चहापाण्याशिवाय!

यालाच कराओके म्हणतात. शब्द जपानी आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्राचं आखूड रूप. गायकाची जागा रिकामी ठेवलेला वाद्यवृंद, असा त्याचा सरळ अर्थ.

गंमत म्हणजे हे यंत्र रूढ करणाऱ्यांतला एक माणूस स्वतः साथीदार होता. जपानच्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक गाणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करायचा. एका गिऱ्हाइकाने त्याला सहलीला साथीसाठी बोलावलं. त्याला जाणं जमेना, म्हणून त्याने आपल्या वाजवण्याची टेप भरून दिली. त्यावरूनच त्याला कल्पना सुचली आणि १९७१ साली त्याने अशी ११ यंत्रं तयार करून भाड्याने लावली. नाणं टाका आणि गा. पेटंट मात्र त्याने घेतलंच नाही. जगभर धंदा उभा राहिला, पण मूळ कल्पनेवाल्याच्या पदरात त्या मानाने थोडंच पडलं. कलाकाराचं असंच असतंय, दुसरं काय!

आवाज जातो कुठं?

गाण्यातून फक्त गायक बाजूला कसा काढतात, हा प्रश्न अनेकांना पडतो. जुनी युक्ती सोपी होती. स्टिरिओ गाण्यात डावा आणि उजवा असे दोन भाग असतात. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखा असतो, वाद्यं मात्र कमी-जास्त वाटलेली असतात. एका भागातून दुसरा वजा केला की जे सारखं आहे ते निघून जातं. पण मधोमध ठेवलेला ढोलकीचा ठेकाही त्याबरोबर जायचा. आपली जुनी मराठी गाणी तर मोनो पद्धतीची. त्यात दोन्ही बाजू एकच, वजा केलं की हाती शून्य.

आता संगणकाला हजारो गाणी ऐकवून आवाज कोणता आणि वाद्य कोणतं हे ओळखायला शिकवलं आहे. २०१९ साली डीझर या फ्रेंच कंपनीने असं काम करणारी ‘स्प्लीटर’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. डिसेंबर २०२२ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या गाण्यांच्या सेवेत ‘सिंग’ नावाची सोय आणली. त्यात चालू गाण्यातला गायकाचा आवाज बोटाने कमी-जास्त करता येतो आणि शब्द तालावर उजळत जातात. मात्र त्यासाठी त्या कंपनीचा आयफोन ११ किंवा त्यापुढचा फोन किंवा तसंच दुसरं उपकरण लागतं, वर महिन्याची वर्गणी. आपल्याकडच्या साध्या अँड्रॉइड फोनवर बहुतेक मंडळी यूट्यूबवर तयार कराओके ट्रॅक शोधतात, किंवा स्पॉटिफाय, जिओसावन यांसारख्या सेवांवर सरकणारे शब्द बघून मूळ गायकाबरोबरच गातात.

शब्द बघून गाण्याची हौस काही नवी नव्हे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा त्यातल्या गीतांचे शब्द लोक वर्तमानपत्रातून वाचत आणि पाठ करत. फडके कोल्हापुरात जन्मलेले. ‘पिंजरा’ची गाणी लिहिणारे जगदीश खेबुडकर हेही आपल्याच जिल्ह्याचे. तेव्हा ही हौस आपल्या मातीतलीच आहे.

गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं

पहिली गोष्ट म्हणजे ब्लूटूथ स्पीकर. त्यातून आवाज किंचित उशिरा येतो. ऐकताना ते कळत नाही, पण माईक हातात घेतला की गाणारा मागे पडतो आणि दोष त्याच्या गळ्याला लागतो. शक्यतो वायर जोडून गावं.

दुसरी गोष्ट रेंजची. पाटगावच्या बाजूला, डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर ऐन रंगात गाणं अडकतं. बऱ्याच सेवांमध्ये पैसे भरणाऱ्याला गाणं आधी उतरवून ठेवता येतं. मध्यम दर्जाचं पाच मिनिटांचं गाणं साधारण ६ एमबी होतं. गारगोटीत बाजाराला आलं की उतरवून न्यावं.

तिसरी गोष्ट पट्टीची. मूळ गायिका उंच पट्टीत गायलेली असते आणि आपला गडी तिथं पोचत नाही. पट्टी खाली-वर करण्याची सोय असलेली ॲप आहेत, पण फार बदल केला की वाद्यांचा आवाज फाटतो. इथं गावचा पेटीमास्तर सरस ठरतो. तो गाणाऱ्याचा गळा ऐकतो आणि त्याच्या पट्टीत पेटी धरतो. गाणारा एक ओळ विसरला तर मास्तर तीच ओळ पुन्हा वाजवून त्याला सांभाळून घेतो. यंत्र कुणासाठी थांबत नाही.

कायदा काय म्हणतो?

मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनी इथं जरा लक्ष द्यावं. गाण्याच्या सेवेची वर्गणी ही सर्वसाधारणपणे घरगुती, वैयक्तिक वापरासाठी असते. ती भरली म्हणून चौकात मांडव घालून कार्यक्रम करण्याचा परवाना मिळत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत, सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या अधिकृत समारंभात, तसंच लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभात गाणी वाजवली तर हक्कभंग होत नाही. केंद्र सरकारनेही जुलै २०२३ मध्ये लग्नांबाबत हे पुन्हा स्पष्ट केलं. हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी कार्यक्रम केला तर त्यालाही सवलत आहे, पण ती शब्द आणि चाल यांच्यापुरती. तयार ध्वनिमुद्रणाचा उल्लेख त्यात नाही आणि कराओके ट्रॅक हे ध्वनिमुद्रणच. म्हणजे त्याच गाण्याला गावचा पेटी-ढोलकीवाला बसवला तर हौशी मंडळ निर्धास्त राहतं, आणि ट्रॅक लावला तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो. तिकीट लावून कार्यक्रम करणाऱ्यांनी तर आधीच विचारपूस करावी.

दुसरा नियम आवाजाचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर तो बंद ठेवायचा असतो. सरकारने जाहीर केलेल्या सणाच्या मोजक्या दिवशीच १२ पर्यंत सूट मिळते. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीची १०० मीटरची जागा सरकारने तशी जाहीर केली असेल तर शांतता क्षेत्र असते. सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे मंडळांना आधीच समजावून सांगितलं तर पुढची कटकट टळते.

आपली गाणी कुठं आहेत?

खरा प्रश्न पुढचाच आहे. सिनेमातल्या गाण्यांचे ट्रॅक ढिगाने मिळतात. पण आदमापूरच्या बाळूमामांच्या दारात रंगणारी धनगरी ओवी, भजनी मंडळाच्या गावोगावच्या चाली, बायकांची जात्यावरची गाणी यांचं काय? ओवीत एक म्हणतो आणि बाकीचे झेलतात. शब्द तिथल्या तिथं जुळवले जातात. त्याचा ट्रॅक कुणी आणि कसा करायचा? यंत्राला तर झील धरणाऱ्यांचा आवाजही आवाजच वाटतो. गायकाला काढताना ते झीलकऱ्यांनाही काढून टाकेल, मग उरणार काय, तर नुसता ढोल!

पोरं मोबाईलवर गायला शिकली, ही वाईट गोष्ट नव्हे. चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस शब्द समोर दिसले की धीर करून गातो. पण साथीदाराला सुपारी मिळाली नाही तर त्याचा पोरगा पेटीला हात लावणार नाही, आणि एक पिढी गेली की ती चाल सांगणारा कुणी उरणार नाही.

यावर उपाय त्याच मोबाईलात आहे. प्रत्येक गावाने आपल्या पेटीमास्तराला आणि ढोलकीवाल्याला मान देऊन, मानधन देऊन, शांत खोलीत बसवावं आणि गावच्या दहा-वीस चालींची नुसती साथ भरून घ्यावी. ओव्यांचे आणि भजनांचे शब्द शाळेतल्या मुलांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत उतरावेत. संतांचे अभंग आणि पारंपरिक ओव्या यांच्या शब्दांवर कुणाची मालकी नाही, त्यामुळे तिथं परवान्याची अडचण येत नाही. १९५२ साली स्थापन झालेल्या मौनी विद्यापीठामुळे ग्रामीण शिक्षणात गारगोटीचं नाव झालं. त्या गारगोटीच्या परिसराला हे काम जड जाऊ नये.

आणि येत्या जत्रेत दहा गाणी मोबाईलवर झाली, तर दोन तरी पेटी-ढोलकीवर व्हावीत. मंडळांनी एवढा नियम केला तरी साथीदाराच्या घरची पेटी बंद पडणार नाही.