परमुलखातील पैसा

भारताच्या नोटा ज्या मोजक्या ठिकाणी छापल्या जातात, त्यांत म्हैसूरचा समावेश होतो. रिझर्व्ह बँकेच्या मालकीची 'भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण' ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली आणि तिचा एक छापखाना या शहरात आहे. आता याच शहराच्या पश्चिम अंगाला असलेल्या बोगादीतून एखादे निवृत्त जोडपे लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस निघाले आहे, असे समजू. आपल्या गावात छापलेली ती नोट तेथल्या दुकानदाराच्या लेखी केवळ रंगीत कागद ठरते. मग आयुष्यभर साठवलेला पैसा सातासमुद्रापार न्यावा कसा, आणि नेताना तो झिजू नये म्हणून काय करावे?

हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. पेशवाईत निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी नाणी चालत. सराफ नाणे पारखून घेई आणि ते बदलून देताना बट्टा कापून घेई. मोठी रक्कम दूर न्यायची असेल तर व्यापारी रोकड नेण्याऐवजी हुंडी नेत. तिच्यासाठी जी आकारणी होई तिला हुंडणावळ म्हणत. आजच्या परकीय चलनाच्या व्यवहारात सराफाच्या जागी बँक आणि हुंडीच्या जागी कार्ड आले आहे. बट्टा मात्र कायम आहे.

मधल्या काळात या व्यवहारावर सरकारची कडक नजर होती. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये परकीय चलनावर नियंत्रणे आली. १९४७ व १९७३ च्या कायद्यांनी ती पुढे चालू राहिली. १९९९ चा नवा कायदा जून २००० मध्ये अमलात आला, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये प्रत्येक रहिवाशाला वर्षाकाठी २५,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवण्याची सोय झाली. ही मर्यादा वाढत जाऊन आज ती आर्थिक वर्षास २,५०,००० डॉलर आहे. एके काळी डॉलर मिळवणे अवघड होते. आज तो सहज मिळतो, आणि म्हणूनच राखणदारीचे काम प्रवाशाच्या अंगावर येऊन पडले आहे.

पैसा झिजतो कोठे, हे आधी समजून घ्यावे. प्रत्येक चलनाचे दोन भाव असतात : विकण्याचा व विकत घेण्याचा. समजा, बँकेने डॉलर ९० रुपयांस दिला आणि उरलेला डॉलर ती ८६ रुपयांस परत घेते. बोगादीच्या जोडप्याने हजार डॉलर नेऊन तसेच परत आणले, तर एक डॉलरही न खर्चता त्यांचे चार हजार रुपये गेले. 'आम्ही दलाली घेत नाही' अशी पाटी लावणारा आपली दलाली बहुधा याच फरकात वसूल करतो. तेव्हा पाटी न वाचता हिशेब विचारावा : इतके रुपये दिले, तर हातात नेमके किती डॉलर पडतील? हाच प्रश्न दोनतीन परवानाधारकांकडे विचारावा. विमानतळावरील खिडकीपर्यंत थांबू नये, कारण घाईतल्या गिऱ्हाइकाला तेथे भाव बहुधा महाग पडतो.

साधने तीन. पहिले रोख नोटा : बहुतेक देशांसाठी एका प्रवासास ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, टॅक्सी, किरकोळ खर्च आणि अडीनडीपुरत्या त्या असाव्यात. दुसरे आधी पैसे भरून घेतलेले प्रवासी कार्ड : भाव भरतानाच ठरतो, त्यामुळे पुढे रुपया घसरला तरी झळ लागत नाही. मात्र डॉलरचे कार्ड इंग्लंडात वापरले तर पुन्हा बट्टा पडतो. तिसरे आपल्या बँकेचे नेहमीचे कार्ड : ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपण मागितल्याखेरीज सुरू होत नाहीत, हे निघण्यापूर्वीच पाहावे. उधारीच्या कार्डावर रोख मात्र काढू नये. व्याज पहिल्या दिवसापासून लागते.

दुकानात यंत्र कधीकधी विचारते : रक्कम रुपयांत घ्यावी की डॉलरांत? परमुलखात ओळखीचा रुपया दिसताच मन तिकडे धावते. परंतु रुपये निवडले की भाव तेथली मंडळी ठरवतात, आणि तो सहसा महाग असतो. डॉलरच निवडावा.

परतल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांच्या आत बँकेस द्याव्यात. २,००० डॉलरपर्यंत पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नाणी सहसा कोणी परत घेत नाही, म्हणून ती तेथेच खर्चून यावे. नातवासाठी चार खेळणी अधिक आली, तर त्या जोडप्याला तो तोटा वाटणार नाही.