दगडफूल आणि सहजीवन

सहावीच्या मुलांनी परवा ‘सहजीवन’ या संज्ञेची व्याख्या मला घडाघडा म्हणून दाखविली. परंतु उदाहरण विचारताच सारा वर्ग निरुत्तर झाला, तेव्हा गोड्या मसाल्यासाठी घेतलेले दगडफूल मी त्यांच्या हाती दिले.

वरून राखाडी, खालून काळसर अशी ही वस्तू फूल नव्हे, तर कवक आणि शैवाल यांचा एकत्र संसार होय: कवक आसरा देते, ओलावा व क्षार धरून ठेवते, आणि शैवाल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने उभयतांचे अन्न सिद्ध करते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे मांडले, तेव्हा अनेक मातबर तज्ज्ञांनी ते कबूल करण्यास साफ नकार दिला होता.

दगडफुलावर पाण्याचे थेंब सोडा. वरचा थर अर्धपारदर्शक होऊन आतील शैवालाची हिरवी झाक दिसू लागते.

मुळे नसल्यामुळे दगडफूल बरेचसे पोषण हवा व पाऊस यांतूनच घेते, म्हणून गंधकयुक्त धुराच्या हवेत त्याच्या अनेक जाती तग धरीत नाहीत. ‘प्रदूषणदर्शक’ म्हणतात ते यालाच.

व्याख्येपूर्वी वस्तू हाती द्यावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्या मुलांना अडलेली एखादी संज्ञा असल्यास अवश्य विचारावी.