तव्याचा चटका ज्यांना कळत नाही

ज्वारीचं पीठ मळणारी बाई त्याच्याकडे फारसं बघत नाही. पाणी कमी पडलंय, भाकरी थापताना चिरणार, हे तिच्या तळहाताला आधीच कळलेलं असतं.

एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू असतात. त्यांनी कामं वाटून घेतली आहेत. मर्केल पेशी कडा आणि खाचा ओळखतात, माइसनर कणिका हातातला पेला निसटू लागताच इशारा देतात, तर खोलवरच्या, कांद्यासारखे पापुद्रे असलेल्या पाचिनी कणिका कंप पकडतात. मात्र ही श्रीमंती सगळ्या अंगाला लाभलेली नाही. दोन टोकं जेमतेम दोन-तीन मिलिमीटर अंतरावर टेकवली तरी बोटाला ती वेगळी कळतात. पाठीला मात्र चार सेंटिमीटरवरची दोन टोकंही एकच वाटू शकतात. ब्रेल बोटांनी वाचता येते ती म्हणूनच.

पण दाबाची वीज कशी होते? कॅलिफोर्नियात आर्डेम पटापूटियन आणि सहकाऱ्यांनी पेशींना अतिसूक्ष्म नळीने टोचत ७२ संशयित जनुकं एकेक करून बंद केली. अखेर एक जनुक बंद होताच पेशीने टोचण्याला दाद देणंच थांबवलं. त्यातून ‘पिएझो-१’ आणि पाठोपाठ ‘पिएझो-२’ ही प्रथिनं सापडली. पेशीचं आवरण ताणलं की ही दारं उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. हलका स्पर्श मुख्यतः ‘पिएझो-२’मुळे कळतो. २०१० सालच्या या शोधाला २०२१चं नोबेल मिळालं.

वेदनेची वाट वेगळी. तापल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, आग नंतर जाणवते. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंतच घर करतात आणि हा पहारा उठतो. हात तव्यावरच राहतो, काटा तळपायात तसाच रुततो. बोटं रोगाने ‘झडतात’ ही समजूत चुकीची आहे. न दुखणाऱ्या जखमा चिघळत जातात आणि बोटं झिजतात. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे आयुष्यभर पटवून दिलं. न दुखणं हे सुख नव्हे, हे त्या रुग्णांइतकं कुणाला ठाऊक नसेल.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर डोळे मिटून त्यावर कापूस फिरवून घ्या. स्पर्श कळला नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो; लगेच जवळचं आरोग्य केंद्र गाठा. औषधं तिथे मोफत मिळतात, आणि वेळेत घेतली तर हात-पाय शाबूत राहतात.