शेजारची शोभेची दारू

दिवाळी जवळ आली कीं बारामतीच्या व इंदापुराच्या बाजारांत फुलबाज्या, भुईनळे, चक्रें, लवंगी माळा आणि सुतळी बाँब यांचीं दुकानें लागतात. अशा तात्पुरत्या दुकानांसंबंधीं सरकारी नियम कडक आहे. तीं न पेटणाऱ्या साहित्याचीं असावींत, दोन दुकानांत निदान ३ मीटर अंतर असावें, त्यांचीं तोंडें समोरासमोर नसावींत आणि वस्तीपासून तीं ५० मीटर दूर असावींत, असें २००८ सालचे स्फोटक पदार्थांचे नियम सांगतात. इतक्या बंदोबस्तानें विकलेली ही दारू पिशवींतून घरीं आली म्हणजे मात्र सारें अंतर संपतें. ज्या मालास दुकानांत असतांना घरांजवळ येण्याची मनाई होती, तोच माल आतां शेजाऱ्याच्या खिडकीखालीं पेटविला जातो.

पूर्वीं हा खेळ दारचा नव्हता. एकनाथांच्या 'रुक्मिणी-स्वयंवरां'त लग्नसमारंभांतील दारूकामाचा उल्लेख येतो. पेशव्यांच्या बखरींत महादजी शिंदे सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीचें वर्णन सांगतात. तेथें 'दारूची लंका' उभारीत ती राजधानीच्या बाहेर. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं हिंदुस्थानांतील आतषबाजीचा इतिहास जुळविला, त्यांतहि राजेरजवाड्यांचे आणि लग्नमिरवणुकींचे प्रसंग पुष्कळ आढळतात. पुढें तमिळनाडूंतील शिवकाशीच्या कारखान्यांनीं तयार फटाका स्वस्त केला आणि तो शाळकरी मुलाच्या खिशांत मावूं लागला. आतां तर दिवाळीचीहि वाट पाहावी लागत नाहीं. वाढदिवस, वरात, निवडणुकीचा निकाल, क्रिकेटमधील विजय, कोणतेंहि निमित्त पुरतें.

फटाक्याचा एवढा आवाज होतो तरी कशानें? सोरा, गंधक व ॲल्युमिनियमची भुकटी यांचें मिश्रण मोकळ्या जागीं पेटविलें तर तें भपकन् जळून जाईल. धमाका होणार नाहीं. तेंच कागदाच्या घट्ट वेष्टनांत कोंडून त्यावर सुतळी आवळून गुंडाळली कीं आंत निर्माण झालेल्या वायूंना वाट मिळत नाहीं. वेष्टनाची ताकद संपते त्या क्षणीं तो सारा दाब एकदम सुटतो आणि हवेंत धक्क्याची लाट उठते. अर्थात् सुतळी बाँबचा मोठेपणा जितका दारूचा तितकाच त्या सुतळीचा आहे.

१९९९ सालच्या सरकारी नियमाप्रमाणें फुटल्या जागेपासून ४ मीटरांवर ज्याचा आवाज एका मापानें १२५ डेसिबल किंवा क्षणिक शिखराच्या मापानें १४५ डेसिबल यांहून अधिक भरतो, असा फटाका बनविण्यास, विकण्यास व वापरण्यास बंदी आहे. डेसिबलचें गणित जरा फसवें असतें. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दहापट होते. उलट मोकळ्या मैदानांत अंतर दुप्पट केलें तरी आवाज सहाच डेसिबलांनीं उतरतो. त्या हिशेबानें ४ मीटरांवर १४५ भरणारा कायदेशीर फटाका ८ मीटरांवर १३९, १६ वर १३३, ३२ वर १२७ आणि ६४ मीटरांवरहि १२१ डेसिबलांचा धक्का देईल. लहान मुलांच्या कानांवर १२० डेसिबलांहून मोठा असा आघात होऊं नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. म्हणजे नियमांत बसणारा फटाकासुद्धां समोरच्या घरांतील पाळण्यापर्यंत नियमांत राहीलच असें नाहीं! त्यांत गांवांतील अरुंद बोळ व समोरासमोरच्या भिंती आवाज परतवीत राहतात, तेथें तर मैदानाचें गणितहि अपुरें पडतें.

धुराची गोष्टहि ऋतूशीं निगडित आहे. पावसाळा संपल्यावर रात्रीं जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन खालींच बसून राहते आणि वारा पडलेला असतो. भुईनळ्याचा धूर मग वर न जातां घराघरांत शिरतो. दम्याच्या रोग्याला दारेंखिडक्या लावून घेण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, म्हणजे 'नीरी'नें, तयार केलेल्या 'हरित' फटाक्यांत धुराचे कण सुमारें ३० टक्क्यांनीं कमी असतात; पण हरित म्हणजे निर्धोक किंवा निःशब्द, अशी जी समजूत पसरली आहे ती खरी नव्हे.

गोठ्यांतील दुभत्या गाईम्हशींचें दुःख शहरांतील माणसास कळत नाहीं. भयानें जनावराच्या शरीरांत जीं द्रव्यें स्रवतात तीं पान्हा रोखतात. धारेच्या वेळीं शेजारीं धमाका झाला कीं गाय दूध चोरते असें शेतकरी म्हणतो, त्याचें कारण हेंच. इंदापूर तालुक्यांत भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. तेथें दिवाळीपेक्षां इंग्रजी नववर्षाच्या मध्यरात्रीची चिंता अधिक. नेदरलँड्समध्यें हवामानाच्या रडारवर अशाच मध्यरात्रीं हजारों पक्षी एकदम उडून सुमारें ५०० मीटर उंच गेल्याचें दिसून आलें आहे. हा अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला.

परंतु या दोन तालुक्यांत सर्वांत मोठा धोका उंसाच्या बाजूनें आहे. नीरेच्या डाव्या कालव्यानें हा मुलूख उंसाचा झाला. माळेगांव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांचे हंगाम दिवाळीच्या सुमारासच सुरू होतात. त्याच दिवसांत बीड व अहिल्यानगरकडून ऊंसतोड मजुरांचीं कुटुंबें मुलांबाळांसह येतात आणि पाचट, बांबू व ताडपत्री यांच्या कोप्या उभ्या करून राहतात. फडांतील उंसाचीं खालचीं पानें वाळलेलीं, कोपीचें छप्पर वाळलेलें, आंत चूल आणि निजलेलीं मुलें. गच्चीवरून सोडलेला बाण कोठें उतरेल हें सोडणाऱ्यास ठाऊक नसतें. त्याची काडी जरा वांकडी असली तरी तो आडवा जातो. जळालेला ऊंस तातडीनें गाळावा लागतो, त्याचें वजन घटतें आणि भावांत कपात होते. तें नुकसान रुपयांत मोजतां येतें. कोपी पेटल्यास सरपणासारखी जळते आणि पाण्याचा बंब पोहोंचण्याच्या आंत संपून जाते. बंगल्यांतल्या दिवाळीचा शेजारी म्हणजे केवळ पलीकडच्या बंगल्यांतला गृहस्थ, एवढाच अर्थ येथें घेऊन चालत नाहीं.

कायदा याबाबतींत मुका नाहीं. १८ जुलै २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गोंगाटासंबंधीं जो निकाल दिला, त्याच्या मुळाशीं एक करुण हकीकत होती. १९९८ सालीं तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. शेजारच्या ध्वनिवर्धकाच्या कल्लोळांत तिच्या हांका कोणासहि ऐकूं गेल्या नाहींत आणि त्याच दिवशीं तिनें स्वतःला जाळून घेतलें. त्या निकालानें रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळांत आवाजी फटाक्यांस पूर्ण मनाई केली. केवळ प्रकाशाच्या दारूवर तेव्हां वेळेचें बंधन घातलें नाहीं. पुढें २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशानें दिवाळींत फटाक्यांस रात्रीं ८ ते १० हे दोनच तास ठेवले आणि फटाक्यांच्या माळांवर बंदी घातली. नोव्हेंबर २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें हवा बिघडल्यामुळें मुंबईच्या परिसरांत प्रथम तीन तास दिले व चारच दिवसांनीं तेहि ८ ते १० असे घटविले. भारतीय न्याय संहितेच्या २८८ व्या कलमान्वयें स्फोटक पदार्थ निष्काळजीपणें हाताळून दुसऱ्याच्या जीवास धोका आणणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊं शकतात.

अडचण निराळीच आहे. शेजाऱ्याविरुद्ध ११२ क्रमांक फिरविणें कोणासहि जड जातें. ज्याच्या घरून काल फराळाचें ताट आलें, त्याच्या दारांत आज पोलिस उभा करावयाचा! म्हणून लोक कानांत बोटें घालून गप्प बसतात आणि शेजारी समजतो कीं कोणाची कांहीं हरकत नाहीं. जळती वात हातांत असतांना केलेली विनंती बहुधा भांडणांत जाते. तीच गोष्ट वसुबारसेच्या आधीं, दिवसाउजेडीं, कारणासह सांगितली तर निराळी ठरते: घरांत बाळंतीण आहे, आजोबांचें हृदय दुबळें आहे, गोठ्यांत गाय व्यालेली आहे. आळींतील चार घरांनीं मिळून उघडें पटांगण व वेळ ठरविली, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेविल्या आणि बाण वस्तीच्या व फडाच्या दिशेस लावावयाचे नाहींत असें ठरविलें, तर मुलांचा आनंद फारसा उणा होत नाहीं. इतकें करूनहि जो ऐकत नाहीं, त्याच्याबाबत भिडेचें कारण उरत नाहीं. तारीख, वेळ व जागा टिपून पोलिसांकडे रीतसर तक्रार द्यावी.

नरकचतुर्दशीच्या पहाटेचा प्रश्न तेवढा राहतो. अभ्यंगस्नान आटोपून, कारीट फोडून, आळींत पहिला आवाज आपला व्हावा म्हणून मुलें चार वाजतां उठतात, आणि नियमाची रात्र तर सहापर्यंत असते. २०१८ सालीं तमिळनाडूसारख्या, सकाळीं दिवाळी साजरी करणाऱ्या राज्यांस न्यायालयानें वेळ बदलून दिली, पण तास दोनच ठेवले. त्या वर्षाचा जिल्ह्याचा आदेश काय आहे तें घरांतील मोठ्या माणसांनीं आधींच वाचून ठेवावें. तोंवर पहाटेच्या अंधारांत पणत्या आहेत, आकाशकंदील आहे आणि पायाखालीं फोडावयास कारीट आहे.