‘दहा लाखांत एक’ म्हणजे काय?

घटनास्थळी सापडलेल्या रक्ताचा आणि आरोपीचा डीएनए जुळला की मुकदमा संपला, अशी जी समजूत सुशिक्षितांतही दृढ झालेली आढळते, तिच्या मुळाशी प्रयोगशाळेत माणसाचा सगळाच डीएनए वाचला जातो ही कल्पना आहे. वस्तुतः सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या त्या अवाढव्य दप्तरातली वीसएक स्थाने तेवढी तपासली जातात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी एक लहानसा अक्षरसमूह लागोपाठ किती वेळा आला आहे एवढेच मोजले जाते. त्या मोजणीतून कोणाचा स्वभाव कळत नाही, की एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्या भावांतला भेदही कळत नाही.

याहून घातक गैरसमज आकड्यांचा आहे. अहवालात ‘असा नमुना दहा लाखांत एकाचा’ असे लिहिलेले असले, की त्याचा अर्थ ‘आरोपी निर्दोष असण्याचा संभव दहा लाखांत एक’ असा बेलाशक लावला जातो. परंतु सहा कोटी वस्तीच्या देशात तसा नमुना असणारी सुमारे साठ माणसे निघावीत, आणि दुसरा काहीच पुरावा नसेल तर आरोपी त्या साठांतला एक, यापलीकडे काहीही सिद्ध होत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1993 साली एक शिक्षा रद्द केली, ती मुख्यत्वे आकड्यांच्या अशाच विपरीत मांडणीमुळे.

तो आकडाही आकाशातून पडत नाही. लोकसमूहात प्रत्येक स्थानाचा नमुना किती वारंवार आढळतो ते पाहून त्या प्रमाणांचा गुणाकार करतात. आणि लोक आपापल्या गटातच विवाह करीत असतील तर तो गुणाकार फसवा ठरतो, असा आक्षेप ल्युऑन्टिन आणि हार्टल या आनुवंशिकीतज्ज्ञांनी 1991 साली घेतला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1996 च्या अहवालात त्यासाठी गणिती दुरुस्ती सुचविली. जातीबाहेर विवाह क्वचितच होणाऱ्या आपल्या देशात हा आक्षेप कोणी क्षुल्लक मानू नये.

शिवाय गणित निर्दोष असूनही तपास फसू शकतो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील चाळीसएक ठिकाणी एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडत गेला, 2007 साली हाइलब्रोन येथे झालेल्या एका महिला पोलिसाच्या खुनाचा आळही तिच्यावरच आला, आणि 2009 साली असे उघडकीस आले की तो डीएनए नमुने टिपण्याच्या कापसाच्या कांड्या तयार करणाऱ्या कारखान्यातल्या एका निरपराध कामगार स्त्रीचा होता!

अनेकांच्या डीएनएची सरमिसळ झालेल्या नमुन्यांची कथा निराळीच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मूळ तज्ज्ञांनी ज्या नमुन्यातून आरोपीला वगळता येत नाही असे म्हटले होते तोच नमुना, खटल्याची माहिती न देता, सतरा तज्ज्ञांपुढे ठेवला. बारांनी आरोपीला वगळले, चौघांनी निर्णय देण्याचे टाळले आणि मूळ निष्कर्षाशी केवळ एक सहमत झाला. आता असे हिशेब संगणक करतो. पण गृहीतके त्याला माणसेच पुरवितात.

वगळण्याच्या कामी मात्र ही साक्ष बिनतोड आहे, असे माझे मत आहे. इंग्लंडच्या लेस्टरशायरमधील दोन मुलींच्या खुनांच्या तपासात आनुवंशिकीतज्ज्ञ ॲलेक जेफ्रीज यांच्या डीएनए चाचणीने प्रथम सोडविले ते एका खुनाची कबुली देऊन बसलेल्या निर्दोष तरुणाला. पुढे हजारो पुरुषांचे रक्त तपासले गेले, तेव्हा खऱ्या खुन्याने आपल्या नावावर सहकाऱ्याचे रक्त देवविले. दारूच्या गुत्त्यातल्या गप्पांतून ही लबाडी पोलिसांच्या कानी गेली, मग त्याचा डीएनए जुळला, आणि 1988 साली त्याला जन्मठेप झाली.