श्रमिकाचा कुलवृत्तांत : तीन नोंदवह्या आणि एक वाङ्मयीन प्रश्न

१

‘कुलवृत्तांत’ ही संज्ञा उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक घडणीचा ग्रंथ उभा राहतो. प्रारंभी गोत्र, प्रवर, कुलदैवत आणि मूळ गाव. त्यानंतर मूळपुरुष, त्याच्यापासून फुटलेल्या शाखा, वंशवृक्षाचे तक्ते. आणि शेवटी प्रत्येक व्यक्तीची जन्म, शिक्षण, व्यवसाय, स्थलांतर व विवाह यांची त्रोटक टिपणे. विसाव्या शतकात असे अनेक ग्रंथ मराठीत सिद्ध झाले. त्यांतील श्रम आणि चिकाटी निःसंशय वाखाणण्याजोगी आहे. परंतु हे ग्रंथ बहुतांशी लेखनव्यवसायी घराण्यांचे आहेत, हेही तितकेच स्पष्ट आहे. ज्या घरात सनदा, पत्रव्यवहार, हिशेबाच्या वह्या आणि पंचांगांवरील टिपणे जपली गेली, त्या घराचा वृत्तांत लिहिता आला. ज्याने आयुष्यभर लाकूड चिरले, ऊस तोडला किंवा दुसऱ्याची जमीन कसली, त्याच्या घराचा वृत्तांत कोणत्या साधनांवरून लिहावयाचा, हा प्रश्न आपल्या वाङ्मयविचारात पुरेसा उपस्थित झालेला नाही.

महात्मा फुले यांच्या १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचे दर्शन आहे. पण ते एका वर्गाचे दर्शन आहे, एका घराचे नव्हे. वर्गाचे चित्र आणि घराचा इतिहास या भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकातील श्रमिकाची तीन प्रकारच्या नोंदवह्यांमध्ये जी निरनिराळी रूपे दिसतात, त्यांची तुलना करून या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा हेतू आहे.

२

प्रथम अमेरिकेचे उदाहरण घेऊ. मेन, मिशिगन, विस्कॉन्सिन या वनप्रदेशांत लाकूड चिरण्याच्या गिरणीत राबणारा मजूर पुष्कळदा शेतकरीही असे. हिवाळ्यात झाडतोड, बर्फ वितळल्यावर ओंडके नदीतून वाहून नेणे, पुढे गिरणीतील चिराई आणि जोडीला स्वतःची शेती, असे त्याचे ऋतुचक्र होते. हा मनुष्य ग्रंथ लिहीत नव्हता, पत्रेही क्वचितच लिही. तरीही त्याचे वंशज आज त्याचा इतिहास बराचसा जुळवू शकतात. याचे कारण १८५० च्या जनगणनेत आहे. त्या वर्षापासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय व जन्मस्थान नोंदले जाऊ लागले. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नातेही त्यात आले. १८६२ च्या वसाहतविषयक कायद्याने १६० एकरांपर्यंत जमिनीवर हक्क सांगता येऊ लागला आणि त्या अर्जांची कागदपत्रे निर्माण झाली.

या नोंदींचा एकक ‘घर’ आहे. मात्र ती सर्वांचीच घरे नव्हेत. १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांच्या नोंदी वेगळ्या पत्रकांत केल्या गेल्या आणि तेथे त्यांची नावे सामान्यतः लिहिलीच नाहीत. कोणाला घर आहे असे मानावयाचे, हे नोंदवही ठरवीत होती.

३

आता एकोणिसाव्या शतकातील कोकणाकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यातील खोती गावांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा होता. सारा खोत भरी. जमीन कूळ कसे. १८८० च्या खोती बंदोबस्ताच्या कायद्याने कुळांचे काही हक्क नोंदीत आणले. परंतु तोपर्यंत जमीन कसणाऱ्याचा सरकारी दप्तराशी संबंध दूरचा होता. येथे नोंदीचा एकक ‘जमीन’ आहे आणि माणूस तिच्या अनुषंगाने येतो. ज्याच्या नावे जमीन नाही तो दप्तरात जवळजवळ अदृश्य असतो. खोती नाहीशी व्हावयास १९४९ चा कायदा यावा लागला.

सरकारी दप्तराबाहेर दोन परंपरांनी शेतकऱ्याच्या वंशाची आठवण राखली. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नामावळी आढळते. त्यांतील जुन्या मराठी नोंदी मोडीत आहेत. दुसरी परंपरा हेळव्यांची. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हे वंशावळी सांगणारे लोक गावोगाव फिरतात, कुळाची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे वाचून दाखवितात आणि धान्याच्या रूपाने मोबदला घेतात. वही लिखित, पण तिचे प्रकटन मौखिक. हेळव्याची वही हा श्रमिक शेतकऱ्याचा कुलवृत्तांतच आहे. फक्त तो ग्रंथालयात ठेवलेला नाही.

४

तिसरी नोंदवही समुद्रापलीकडची आहे आणि मराठी अभ्यासकाला ती सर्वाधिक विचारप्रवृत्त करणारी ठरावी. मॉरिशसमध्ये करारबद्ध मजूर नेण्याची पद्धत १८३४ मध्ये सुरू झाली. मध्यंतरी ती बंद करण्यात आली आणि १८४२ मध्ये पुन्हा खुली झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे पोहोचले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा कलकत्ता व मद्रासच्या तुलनेने लहान होता. परंतु त्यात कोकणातील आणि देशावरील मराठी माणसे होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली, तो आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखला जातो व २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

येथे उतरणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. त्या क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, गाव, जहाज आणि मालक यांची नोंद होई. १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रेही घेतली जाऊ लागली आणि करार संपलेल्या मजुराने छायाचित्र लावलेले ओळखपत्र जवळ बाळगावे, अशी सक्ती १८६७ च्या नियमांनी आली. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये हजारो मजुरांनी अर्ज केला आणि त्यातून पुढे राजकीय चौकशी आयोग नेमला गेला. आगमनाची ही दप्तरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत.

या नोंदवहीचा एकक घर नाही, जमीनही नाही. तो ‘एकटा माणूस’ आहे. ज्याच्या उंचीची नोंद आपल्या गावात कोणी केली नव्हती, त्याची उंची येथे मोजली गेली. ज्या घराशी त्याची ओळख बांधलेली होती, ते घर मात्र बापाच्या नावापुरते उरले. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या मुलांना असा आगमनाचा क्रमांक नसे. ती नागरी नोंदवहीत गेली. धार्मिक विधीने झालेल्या विवाहाला स्वतंत्र कायदेशीर मान्यता नसल्यामुळे त्या नोंदवहीत पितृत्वाचा धागा अनेकदा तुटलेला दिसतो. पुष्कळ घरांत मूळपुरुषाचे व्यक्तिनाव हेच पुढील पिढ्यांचे आडनाव झाले आणि तेही परकी लेखनिकाच्या कानाला जसे ऐकू आले तसे.

याच कथेचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव घसरले, युरोपातील बीटच्या साखरेशी स्पर्धा वाढली, लहान कारखाने बंद पडून मोठ्यांत विलीन झाले. मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकण्यास प्रारंभ केला. त्या तुकड्यांचे खरेदीदार मुख्यतः भारतीय मजूर आणि त्यांची मुले होती. अशा रीतीने मळ्यात व साखर कारखान्यात राबलेला माणूस लहान शेतकरी बनला. कोकणातून आलेल्या ज्या कुळाच्या नावे स्वगावी गुंठाभरही जमीन लागली नव्हती, त्याच्या घराण्याचे पहिले खरेदीखत फ्रेंच भाषेत असावे, यातील विलक्षणता तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

५

या तुलनेतून वाङ्मयप्रकाराविषयी काय निष्पन्न होते?

एक, ‘मूळपुरुष’ या कल्पनेचा अर्थ बदलतो. पारंपरिक कुलवृत्तांतात मूळपुरुष दूरच्या, अर्धवट पौराणिक काळात असतो. स्थलांतरित श्रमिकाच्या घराण्यात तो जहाजातून उतरलेला माणूस असतो आणि त्याच्या आगमनाचा दिवसही ठाऊक असतो. त्याच्या आधीचे सारे धूसर.

दोन, कथनाची दिशा उलटते. कुलवृत्तांत मुळाकडून फांद्यांकडे येतो. येथे वंशज फांदीवरून मुळाकडे जातो. मार्गात जेथे कागद संपतो तेथे कुलदैवत, गणपतीतील रीत, झाकरीचा नाच यांसारख्या गोष्टी साक्षीला येतात. मॉरिशसमधील झाकरीचे कोकणातील जाखडीशी असलेले नाते उघड आहे. ते गावाचे नाव सांगत नाही. पण प्रदेश सांगते.

तीन, नोंदवही ही निर्मळ काच नाही. ती ज्या हेतूने ठेवली गेली, तो हेतू तिच्या प्रत्येक रकान्यात शिरलेला असतो. पळून गेलेला मजूर ओळखता यावा म्हणून लिहिलेली अंगावरची खूण आज पणतूला पूर्वजाच्या देहाची एकमेव माहिती म्हणून प्रिय वाटते. या दोन्ही अर्थांची जाणीव ठेवूनच ती वाचली पाहिजे.

६

हा प्रश्न केवळ समुद्रापलीकडचा नाही. छत्तीसगडात मराठी माणसाचे दोन थर आहेत. पहिला भोसल्यांच्या काळातील. १७४१ च्या स्वारीनंतर आणि पुढे बिंबाजी भोसले यांच्या रतनपूर येथील कारभारात आलेल्या घराण्यांचा शोध मोडी दप्तरांच्या साह्याने घेता येतो. दुसरा थर पोलाद कारखान्याबरोबर आला. भिलाईचा करार १९५५ मध्ये झाला, पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. मराठी भाषकही आले. वैशाली नगरासारख्या वस्तीत आज त्यांची तिसरी पिढी वाढते आहे. तिचा मूळपुरुष जहाजातून नव्हे, आगगाडीतून उतरला. त्याचा क्रमांक कारखान्याच्या हजेरीपटावर आहे. त्याच्या गावाचे, आईच्या माहेराचे, मागे राहिलेल्या जमिनीचे नाव कोठेच नाही. तरुणपणी येथे आलेली ती माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांच्यानंतर हजेरीपट राहील. घर राहणार नाही.

नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या ग्रंथाने येथे एक मार्ग दाखवून दिला आहे. अल्पशिक्षित श्रमिक पित्याच्या स्वतःच्या टिपणांवर मुलाने उभारलेला तो घराण्याचा वृत्तांत होय. त्याची गणना सामान्यतः आत्मचरित्रांत होते. परंतु कुलवृत्तांताच्या परंपरेशी त्याचा संबंध जोडून पाहिल्यास ती परंपरा कोणत्या दिशेने विस्तारू शकते हे ध्यानात येईल. मराठी विभागांनी हेळव्यांच्या व तीर्थोपाध्यायांच्या वह्या, मोक्याची दप्तरे आणि औद्योगिक वसाहतींतील वृद्धांच्या तोंडच्या हकीकती या तिन्हींना एकाच अभ्यासक्षेत्रात स्थान द्यावे. यांपैकी पहिल्या दोन साधनांना आणखी काही वर्षे थांबता येईल. तिसऱ्याला ती सवड नाही. म्हणून प्रारंभ तेथूनच व्हावा.